दवाखाना सोडण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद. जीपीचे, म्हणजे कुटुंब-डॉक्टरचे, प्रशिक्षण संपताच रुग्णसेवा थांबवून पूर्णवेळ आरोग्य-डेटाच्या संशोधनाकडे वळावे का, असे तू विचारले आहेस. माझे मत विचारशील तर आठवड्यातून एखादा दिवस तरी रुग्ण तपासणे सोडू नकोस. ज्या नोंदींवर तुला आयुष्यभर काम करायचे आहे त्या कोणत्या परिस्थितीत लिहिल्या जातात, हे विद्यापीठातल्या संगणकासमोर बसून कळत नाही.

ज्युलिया हिपिस्ली-कॉक्स यांची कारकीर्द तू आदर्श मानतेस, आणि ते योग्यच आहे. स्वतः जीपी असलेल्या या संशोधिकेने नॉटिंगहॅम विद्यापीठात असताना, दवाखान्यांना संगणकप्रणाली पुरवणाऱ्या ईएमआयएस या कंपनीच्या साथीने ‘क्यूरिसर्च’ हा नोंदींचा संग्रह उभा केला. त्यातूनच पुढील दहा वर्षांत हृदयविकार किंवा पक्षाघात होण्याची शक्यता वर्तवणारे ‘क्यूरिस्क’ हे सूत्र २००७ साली प्रसिद्ध झाले. तोवर ब्रिटनमधले डॉक्टर अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावाच्या अभ्यासावर बेतलेली सूत्रे वापरत, आणि त्यांत रुग्णाच्या वस्तीतील गरिबीला स्थान नव्हते. क्यूरिस्कने ते दिले. २००८ च्या आवृत्तीत वांशिक पार्श्वभूमी आली, तर २०१७ च्या आवृत्तीत अर्धशिशी, गंभीर मानसिक आजार आणि स्टेरॉइडचा वापर अशा बाबींची भर पडली.

या यशापेक्षाही पहिल्या आवृत्तीतली एक अडचण तू बारकाईने अभ्यासावीस असे मला वाटते. तिच्यात कोलेस्टेरॉलचा हृदयविकाराशी जवळजवळ संबंधच नाही, असे दिसत होते. बहुसंख्य रुग्णांच्या कोलेस्टेरॉलची नोंदच नव्हती, ती पोकळी सांख्यिकी अंदाजांनी भरली होती, आणि त्या भरण्याच्या रीतीत दोष होता. टीकाकारांनी प्रश्न उपस्थित केल्यावर मूळ संशोधकांनी ती रीत सुधारली, तेव्हा अपेक्षित संबंध स्पष्ट दिसला. इतक्या जाणत्या लोकांच्या हातूनही हे घडले, यावरून गाळलेल्या नोंदी किती अवघड असतात याची कल्पना येईल. दहा मिनिटांच्या भेटीत डॉक्टर कोणाचे कोलेस्टेरॉल तपासायला सांगतो? ज्याच्याबद्दल त्याला आधीच शंका आहे त्याचे. म्हणजे तपासणी झाली की नाही, हीसुद्धा रुग्णाविषयीची माहितीच असते, आणि हे तिथे बसलेल्या माणसाला लगेच सुचते.

पैशाचेही तसेच. एप्रिल २००४ पासून ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या उत्पन्नाचा काही भाग ठरावीक निकषांच्या पूर्ततेशी जोडला गेला आणि धूम्रपानासारख्या गोष्टींच्या नोंदी व्यवस्थित होऊ लागल्या. त्या वर्षानंतर आलेखात चढ दिसला, तर रोग वाढला की लिहिणे वाढले, हे आधी तपास. इंग्लंडमध्ये २०१८ मध्ये आजार व उपचार नोंदवण्याच्या जुन्या रीड कोडांची जागा स्नोमेड सीटी या नव्या कोडप्रणालीने घेतली, त्या सांध्यावरही असेच थांबावे लागते. कोडांच्या याद्या तयार करणे हे कंटाळवाणे काम आहे. ते दुसऱ्यावर सोपवू नकोस.

ज्युलियन ट्यूडर हार्ट या जीपींचे नाव तू ऐकले असशील. उत्तम उपचार जिथे सर्वाधिक गरजेचे असतात तिथेच ते कमी मिळतात, हा त्यांचा १९७१ चा सिद्धांत सर्वांना ठाऊक आहे. वेल्समधल्या ग्लिनकोरग या खाणकामगारांच्या गावात त्यांनी दवाखान्याच्या यादीतल्या प्रौढांचा रक्तदाब पद्धतशीरपणे मोजला, आणि त्यासाठी कोणी तक्रार घेऊन येण्याची वाट पाहिली नाही. गाळलेल्या नोंदीवर याहून चांगला सांख्यिकी उपाय मला तरी माहीत नाही!

लोकांच्या विश्वासाबाबत मात्र केवळ तांत्रिक कौशल्य पुरत नाही. दवाखान्यांतल्या नोंदी एका ठिकाणी गोळा करण्याची इंग्लंडमधली ‘केअर डॉट डेटा’ ही योजना २०१६ मध्ये गुंडाळावी लागली, कारण आपली माहिती कोणाकडे जाणार हे लोकांना नीट सांगितलेच गेले नव्हते. याउलट २०२० मध्ये ‘ओपनसेफली’ या संशोधन-प्रणालीने १ कोटी ७० लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदी होत्या तिथेच ठेवून कोविडमृत्यूंचे विश्लेषण केले आणि आपला संगणकीय कोड (विश्लेषणाचा प्रोग्राम) सर्वांसाठी खुला केला. तूही पहिल्या प्रकल्पापासून कोड उघडा ठेवण्याची सवय लाव. चुका लवकर सापडतात.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या शोधनिबंधांची संख्या पाहू नकोस. त्यांच्या गटात एखादा सांख्यिकीतज्ज्ञ प्राध्यापकांना उघडपणे अडवू शकतो का, आणि गटातले कोणी अजून रुग्ण तपासते का, एवढे दोन प्रश्न विचार. दोन्हींची उत्तरे होकारार्थी आली, तर वेतन थोडे कमी असले तरी तिथेच अर्ज कर.

तुझा हितचिंतक