दहाव्या मजल्यावरचा धटिंगण आणि ज्वारीचे वीस रुपये

अमळनेरवाले भाऊ, तुमचं वाचून आधी हसू आलं, मग तुमची कीव आली, कारण यातून मी गेलोय. पोरासाठी टीव्हीला लावायचा जुन्या व्हिडिओ गेमांचा डबा आणला, त्यात ‘स्नो ब्रदर’ निघाला, म्हणजे राक्षसांवर बर्फ मारून त्यांचे गोळे करायचे आणि ढकलून द्यायचे तो गेम, आणि आता पोरगं झोपलं की तुम्हीच रात्री बारापर्यंत जॉयस्टिकची दांडी हलवत बसता. दहाव्या मजल्यावरच्या बॉसपाशी, म्हणजे तिथल्या मोठ्या राक्षसापाशी, दर वेळी मरता. वर डबा एकच लाइफ देतो आणि पुढे ‘कंटिन्यू’ विचारतही नाही. डबा खराब की मीच खराब, असं विचारलंय तुम्ही. दोघंही ठीक आहात. डब्याचं शेवटी सांगतो, आधी तुमचं.

बर्फ कसा मारायचा, गोळा कसा करायचा हे तुम्हाला येतंच, त्यात वेळ घालवत नाही. नऊ मजले चढलात म्हणजे हातही बसलाय. चूक एकच आहे, आणि ती तुमच्याच वाक्यात सापडली: ‘गोळा झाला की लगेच ढकलतो, नाहीतर तो सुटून अंगावर येतो.’ भाऊ, या एका वाक्यापायी मी मार खाल्लाय.

शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट असेल. मे महिना, भुसावळला मामाकडे. मामीने बिबड्यांसाठी, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी, ज्वारी तीन दिवस भिजवून, उपसून, फडक्यावर वाळवलेली. ती पिशवी आणि वीस रुपये हातात देऊन मला गिरणीवर पाठवलं. गिरणीच्या अलीकडे व्हिडिओ गेमचं पार्लर होतं, एका रुपयाला एक कॉइन. पिशवी पायरीवर ठेवली आणि ‘एकच डाव’ म्हणून आत गेलो. दीड तासात वीसच्या वीस रुपये त्या मशीनच्या पोटात. नववा मजला दर तिसऱ्या-चौथ्या डावाला गाठायचो, दहाव्यावर संपायचो. ज्वारी न दळता घरी आली. मामी काही बोलली नाही. मामा बोलला, तेही हाताने.

दुसऱ्या दिवशी खिशात दमडी नाही म्हणून नुसता बघत उभा राहिलो, आणि तेच बरं झालं. धुळ्याकडचा एक मोठा पोरगा खेळत होता. माझ्या तोंडून सारखं ‘ढकल ना, ढकल ना’ निघत होतं. शेवटी तो वैतागून म्हणाला, ‘‘इतली घाई कसाले करस रे?’’ आणि त्याने गोळा ढकललाच नाही. सगळ्यात वरच्या फळीवर चढला, तिथल्या एका राक्षसाचा पुरता गोळा केला आणि तसाच सोडून खाली उतरला. खालच्या दोघांना अर्धा-अर्धा बर्फ मारून जागेवर खिळवलं. वरचा गोळा थरथरायला लागला तसा परत वर जाऊन त्याला दोन हात बर्फ दिला. गोळा पुन्हा गप्प. मग बाकीचे वाटेत येईपर्यंत वाट पाहिली आणि एकच धक्का. तो गोळा फळीवरून फळीवर, भिंतीला आपटून उलटा, पुन्हा खाली, असा घरंगळत सगळ्यांना घेऊन गेला. वरून नोटांचा पाऊस पडला. त्या नोटा मी तोवर पाहिल्याच नव्हत्या! सगळे राक्षस एकाच धक्क्यात गेले तरच त्या पडतात, हे मला तेव्हा कळलं.

तर मुद्दा हा. गोळा आपणहून फुटत नाही, आतला राक्षस हळूहळू बर्फ झटकतो, आणि झटकण्याआधी तो थरथरून तुम्हाला सांगतो. तेवढा वेळ तुमचा असतो. गोळा वर करा, कारण वरून सुटलेला जास्त फळ्या फिरतो. खालच्या फळीवरचा भिंतीला आपटून लवकर संपतो. आणि ताकद वाढवणाऱ्या रंगीत बाटल्या मिळतात त्याही घरंगळणाऱ्या गोळ्याखाली राक्षस चिरडले तर. एकेक गोळा सुटा ढकलणारा माणूस बाटल्यांना मुकतो आणि मग मशीनला शिव्या देतो. मी दिल्यात.

आता दहावा मजला. तो धटिंगण वरच्या आणि खालच्या फळीवर उड्या मारतो, आणि त्याची पिलावळ तुमच्याकडे येते. त्याला मारायचं ते त्याच्याच पिलांचे गोळे करून. इथे तुमची (आणि माझी) घाई नडते. गोळा तयार झाला की आपण ढकलतो, तेव्हा बॉस नेमका वर असतो, गोळा खालून रिकामा जातो आणि तेवढ्यात दुसरं पिलू मागून चिकटतं. त्यापेक्षा तुमच्या बाजूला दोन-तीन गोळे एका ओळीत करून ठेवा, सुटायला आले की बर्फ देत राहा. तो खाली टेकला की फक्त मागचा ढकला. घरंगळता गोळा पुढच्या थांबलेल्या गोळ्याला लागला की तोही सुटतो, म्हणजे एका धक्क्यात दोन-तीन तडाखे. पहिल्या दोन-चार प्रयत्नांत मराल. नंतर त्याच्या उडीचा ठेका कानात बसतो.

बाटल्यांबद्दल माझं मत वेगळं आहे, पटलं तर घ्या. लाल बाटलीने वेग वाढतो म्हणून सगळे तिच्यामागे धावतात. नवख्या माणसाला लाल बाटली म्हणजे उतारावर ब्रेक नसलेली सायकल. मला पिवळी जास्त कामाची वाटते, बर्फ लांब जातो, बॉसपासून अंतर ठेवता येतं. निळीने बर्फ जास्त पडतो, गोळा लवकर होतो, ती मिळाली तर सोडू नका. हिरवी मिळाली तर फुग्यासारखे फुगून उडायला लागता, तेव्हा विचार न करता सगळ्यांवर जाऊन आदळा. पण मेलात की लाल-निळी-पिवळी सगळं जातं. म्हणून नवव्या मजल्यावर कडेला पडलेल्या एका बाटलीसाठी जीव घालवू नका. आणि फार रेंगाळूही नका, वेळ झाला की तो भोपळ्याच्या तोंडाचा राक्षस येतो. त्याला मारता येत नाही, बर्फाने घटकाभर थोपवता येतं, एवढंच.

मी काही चॅम्पियन नाही, हे आधीच सांगतो. पन्नासावा मजला पाहिलाय, पण कंटिन्यू मारून मारून. एका लाइफमध्ये तिथवर जाणारे लोक आहेत, ते माझं वाचून हसतील. हसू द्या.

आता डबा. हा गेम 1990 सालचा, जपानच्या तोआप्लान कंपनीचा. पार्लरच्या मशीनसाठी बनलेला, म्हणून त्याच्या मूळ बोर्डावर बारीक स्विचांची एक रांग असते. लाइफ एक ते चार किती द्यायच्या, गेम सोपा की अवघड, कंटिन्यू द्यायचा की नाही, हे सगळं पार्लरवाला त्यावरून ठरवायचा. भुसावळच्या त्या मशीनवर एकच लाइफ का मिळायची, हे मला असं पस्तिशीत कळलं! तेव्हा मालकाला विचारलं होतं तर म्हणाला, ‘‘गेमच तसा आहे.’’ आणि मे महिन्यात लाइट गेली की चालू डाव गेला, कॉइन गेला, वर तोच म्हणणार, ‘‘लाइट मी घालवली का?’’ भारनियमनाने माझे किती नववे मजले खाल्ले त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

गंमत म्हणजे चार वर्षांपूर्वी मी असाच डबा मागवला, त्यातही एकच लाइफ. ज्यांच्याकडून घेतला त्यांना तीन वेळा फोन केला. पहिल्यांदा म्हणाले केबल बदला, दुसऱ्यांदा म्हणाले टीव्ही बदला, तिसऱ्यांदा तेच वाक्य, ‘गेमच तसा आहे सर.’ केबल मी खरंच बदलली. साडेतीनशे रुपये गेले. शेवटी भाच्याने गेम चालू असताना मेनू उघडला, त्यात ‘डिप स्विच’ नावाचं पान निघालं, म्हणजे बोर्डावरच्या त्या बारीक स्विचांचंच, तिथे लाइफ तीन केल्या, कंटिन्यू चालू केला, गेम बंद करून पुन्हा लावला. पाच मिनिटांचं काम. सगळ्या डब्यांत हे पान असतंच असं नाही, पण तुमच्यात आहे का ते आधी बघा. केबल घेऊ नका.

आणि पोराला दुसरी दांडी द्या. तो लाल, तुम्ही निळे. फक्त आधीच सांगून ठेवा की बाबांनी ढकललेला गोळा तुलाही सोबत घरंगळत घेऊन जातो, त्यात तू मरत नाहीस. माझ्या पोरीला हे सांगायचं राहिलं, तर तिने दांडी फेकली आणि मी मुद्दाम केलं असं आजीला जाऊन सांगितलं. पहिल्यांदा चुकून झालं होतं, नंतरचं सगळं मुद्दाम.