कोल्हापूरचा दाखला इकडे चालतो. ‘चालत नाही’ म्हणणाऱ्याकडून तसं लिहून घ्या

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा सरकारी मराठी शाळेत आठवीला. तोंडी विचारलं तर सगळं सांगतो, पुस्तक पुढं ठेवलं की गप्प. कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यातून अध्ययन अक्षमतेचा (वाचण्या-लिहिण्यात अडचण असल्याचा) दाखला आणला, तर इकडच्या कार्यालयात तो ‘महाराष्ट्राचा आहे, चालत नाही’ म्हणून परत केला. वर हेडमास्तर म्हणतात, विशेष शाळेत घाला.

ताई, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. पहिल्यांदा वाटलं, ही मीच कधीतरी लिहिलेली दिसतेय. आम्ही निपाणीकडचे. माझा मुलगा आता एसएसएलसी (इकडची दहावी) होऊन आयटीआयला जातो. डिस्लेक्सिया (हीच वाचण्याची अडचण) म्हणजे काय, मूल आळशी नसतं, हे सगळं तुम्हाला कळलेलं दिसतंय, त्यामुळं ते सांगत बसत नाही. यूडीआयडीचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) फॉर्म कुठलाही सायबरवाला भरून देतो, तेही सोडते. मी वकील नाही, शिक्षिकाही नाही. जे अंगावरून गेलं तेवढंच सांगते. नियम बदलतात, तेव्हा तारीख-परिपत्रक तुम्ही एकदा तपासाच.

आधी मुख्य मुद्दा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे आणि तो केंद्राचा आहे. त्याच्या कलम 58 च्या पोटकलम 3 मध्ये स्पष्ट लिहिलंय की या कलमाखाली दिलेलं प्रमाणपत्र देशभर वैध राहील. कोगनोळीचा राज्याच्या सीमेवरचा नाका ओलांडला की ते रद्द होत नाही. अर्ज राहत्या जिल्ह्यात करायचा, हे बरोबर आहे. पण ज्या सरकारी दवाखान्यात उपचार चालू आहेत किंवा झाले आहेत, तिथंही करता येतो, हे नियमातच आहे. म्हणून कोल्हापूरचे सगळे केसपेपर जपून ठेवा. ‘इकडचा पत्ता असताना तिकडं का गेला’ या प्रश्नाला तेच उत्तर आहे.

आता आमच्या बाबतीत काय झालं ते. कार्यालयाचं नाव घेत नाही, घेऊन उपयोग नाही, माणसं बदलली असतील. टेबलावर बसलेल्या गृहस्थांनी दाखला हातात घेतला, अशोकस्तंभाखाली ‘महाराष्ट्र’ वाचलं आणि कागद माझ्याकडं सरकवला. ‘इद इल्लि नडियंगिल्ल री.’ म्हणजे हे इथं चालत नाही. एवढंच. अर्ज घेतला नाही, शिक्का मारला नाही, कुठला नियम तेही सांगितलं नाही. साहेबांना भेटते म्हटलं तर साहेब मीटिंगला. पुढच्या खेपेला साहेब बेंगळूरला. त्याच्या पुढच्या खेपेला ‘नाळे बर्री’, उद्या या. बाहेरच्या बाकावर माझ्याबरोबर एक म्हातारे आजोबा असायचे, नातीच्या श्रवणयंत्राच्या कागदासाठी आलेले. ते म्हणायचे, पोरी, इथं ‘नाही’ म्हणत नाहीत गं, ‘नंतर’ म्हणतात.

आणि ह्यातच आमचं वर्ष गेलं. दहावीची नावं बोर्डाकडं जाताना आमच्या पोराचं नाव साध्या मुलांच्या यादीत गेलं. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या रकान्यात खूण नाही, त्यामुळं जादा वेळ नाही, लेखनिक नाही, भाषेची सवलत नाही. गणितात तो पास झाला, विज्ञानात पास झाला, कन्नडात गेला. अर्धा पेपर कोरा. पुरवणी परीक्षेला सवलत मिळाली आणि सुटला, पण त्या दोन महिन्यांत तो घरात कुणाशी बोलत नव्हता. हा राग माझा अजून गेलेला नाही, तेव्हा पुढं कुठं जास्त बोलले तर समजून घ्या.

काम कशामुळं हललं? एका बीआयईआरटी बाईंमुळं. प्रत्येक तालुक्याला बीआरसीत (तालुक्याच्या शिक्षण साधन केंद्रात) समावेशक शिक्षणाचे असे शिक्षक असतात, आणि निम्म्या पालकांना ते माहीतच नसतात. त्या बाई म्हणाल्या, तुम्ही आजवर कुणाला कागद दिलाय का? नाही, कारण कुणी घेतलाच नाही. त्यांनी सांगितलं, टेबलावर देऊच नका. आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. तिथंही घेतला नाही तर रजिस्टर पोस्टानं पोचपावतीसह पाठवा. अर्जात कलम 58 (3) लिहा आणि खाली एक ओळ घाला: ‘प्रमाणपत्र अमान्य असल्यास ज्या नियमानुसार अमान्य आहे तो नियम लेखी कळवावा.’ तसं केलं. अमान्य असल्याचं पत्र आजतागायत आलेलं नाही. येणारच नव्हतं, कारण तसा नियमच नाही. फाईल मात्र पुढं गेली.

म्हणून माझं सगळ्या पालकांना एकच म्हणणं आहे: तोंडी नकार घेऊन घरी यायचं नाही. तोंडी नकाराचा पुरावा नसतो, त्याविरुद्ध दाद मागणं अवघड जातं. कागद असेल तर माहिती अधिकारात विचारता येतं (10 रुपये आणि 30 दिवस), बेंगळूरला राज्य दिव्यांग आयुक्तांकडं तक्रार करता येते. या आयुक्तांना चौकशीच्या कामात दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, साक्षीला बोलावू शकतात, कागद मागवू शकतात. वकील लागत नाही. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही, पण अर्जाच्या शेवटी ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून त्यांचं नाव घातलं होतं. त्याचा परिणाम झाला असावा, असा माझा अंदाज.

एक सांगते, काहींना राग येईल. अर्ज कन्नडात द्या. मराठीत कागदपत्रं मिळावीत यासाठी भांडायचं तर जरूर भांडा, मीही मोर्चाला गेलेली आहे. पण मुलाच्या सवलतीचा अर्ज हे त्या भांडणाचं मैदान नव्हे. ज्या कारकुनानं तो वाचून टिपण लिहायचंय त्याला तो वाचता यायला हवा, नाहीतर ‘भाषांतर करून आणा’ हे आणखी एक ‘नंतर’ तयार होतं. शेजारचा कुणीही कॉलेजचा पोरगा लिहून देईल. कलमाचा मजकूर कन्नड आणि इंग्रजी दोन्हीत जोडा.

आता चाचणीबद्दल, कारण तुम्ही दाखल्यावरची दिव्यांगत्वाची टक्केवारी लिहिलेली नाही आणि पुढं परत चाचणी होणारच आहे. 2018 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत अध्ययन अक्षमतेची तपासणी आठव्या वर्षी, मग 14 आणि 18 व्या वर्षी परत, अशी पद्धत सांगितली होती; नंतर त्यात फेरबदल झालेत, तेव्हा दवाखान्यात आजची पद्धत विचारून घ्या. त्याच सूचनांत आधी बुद्ध्यंक पाहायचा आणि तो 85 च्या वर असेल तरच अध्ययन अक्षमतेच्या चाचण्या घ्यायच्या, असा क्रम होता. इथं सीमाभागातल्या मुलांची पंचाईत होते. मराठी शाळेतल्या मुलाला समोरचे ताई-दादा कन्नडात किंवा इंग्रजीत प्रश्न विचारायला लागले तर तो काय उत्तर देणार? बुद्ध्यंक खाली दिसतो आणि कागदावर भलतंच लिहून येतं. आमचा एक भाचा असाच ‘मंदबुद्धी’ ठरून आला होता. तो आज ट्रॅक्टरचं इंजिन उघडून बसवतो. म्हणून जाताना शाळेकडून माध्यम मराठी असल्याचं पत्र न्या, तिन्ही भाषांच्या वह्या न्या, आणि चाचणी मुलाच्या शिकण्याच्या भाषेत घ्या असं नम्रपणे पण आधीच सांगा. निकाल चुकीचा वाटला तर कलम 59 खाली अपील आहे.

तिन्ही वह्या का? कारण आपल्या मुलांवर तीन लिप्या येतात. मराठीत ‘घ’ आणि ‘ध’ची अदलाबदल, ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ, कन्नडात जोडाक्षराचा ओत्तु (जोडलेलं अक्षर) खाली लटकतो, तो पोरगा सरळ गाळून टाकतो, इंग्रजीत बी आणि डी. एकाच पोराच्या तिन्ही वह्या शेजारी ठेवल्या की अडचण वाचण्याचीच आहे, फक्त कन्नडाची भीती नाही, हे तपासणाऱ्याला लगेच दिसतं. आमच्याकडं शाळेतले सर कायम म्हणायचे, ‘घरात मराठी, म्हणून कन्नड येत नाही.’ अहो, मग मराठी तरी धड यायला हवं होतं की!

हेडमास्तरांचं ‘विशेष शाळेत घाला’. ताई, हे त्यांना ठरवता येत नाही. सरकारनं मान्यता दिलेल्या कुठल्याही शाळेनं, खाजगी असली तरी, भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि इतर मुलांबरोबर शिकवायचं, हे कलम 16 म्हणतं. त्याच कलमात अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून त्याप्रमाणं शिकवण्याची जबाबदारी शाळेवर टाकलेली आहे, म्हणजे खरं तर त्यांनीच तुम्हाला सांगायला हवं होतं. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षण जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, आणि निवड मुलाची, असं कलम 31. काही मुलांना विशेष शाळाच बरी, उदाहरणार्थ खुणांची भाषा शिकायची असेल तर. पण तुमच्या मुलाला तिथं पाठवून काय साधणार, मला कळत नाही.

तरी हेडमास्तरांशी भांडू नका. खरंच सांगते. बोर्डाकडं नाव त्यांच्याच सहीनं जाणार आहे. नववीत असतानाच दाखल्याची प्रत देऊन पोच घ्या, सॅट्समध्ये (विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदीत) मुलाच्या नावापुढं दिव्यांग म्हणून नोंद झाली का ते स्वतः स्क्रीनवर बघा, आणि दहावीची यादी भरताना परत बघा. शाळा, मग बीईओ (गटशिक्षणाधिकारी), मग बोर्ड, असा कागद चालतो. तुम्ही खानापूरचे म्हणजे बेळगाव डीडीपीआयकडं (शिक्षण उपसंचालकांकडं), आम्ही चिक्कोडीला. जिल्हा एक, शैक्षणिक जिल्हे दोन. लोक चुकीच्या दारात जाऊन दिवस घालवतात म्हणून सांगितलं.

सवलतींचा आधार कलम 17: जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट. लक्षात घ्या, कलम 16 ला आणि 17 मधल्या या परीक्षेच्या सवलतींना 40 टक्क्यांची अट लिहिलेली नाही. कोण ‘39 टक्के आहे, काही मिळत नाही’ म्हणालं तर हे दाखवा. लेखनिकाबाबत सर्वोच्च न्यायालयानंही 2021 मध्ये विकास कुमार प्रकरणात हेच म्हटलंय, की लिहिण्याची अडचण असलेल्याला 40 टक्क्यांअभावी लेखनिक नाकारता येत नाही. बोर्डाची स्वतःची यादी आणि मुदत वेगळी असते, ती शाळेतून घ्या.

पण भाषेची सूट मिळते म्हणून डोळे झाकून घेऊ नका, हे माझं वैयक्तिक मत. कन्नडाच्या पेपरातून सूट घ्या हवी तर, कन्नड बोलण्यातून नको. पोरगं उद्या बेळगावात दुकानात बसलं, हुबळीला कामाला गेलं, इथल्या सरकारी नोकरीला बसलं, तर कन्नड लागणार. माझा मुलगा लिहीत नाही पण बसमध्ये, बाजारात फाडफाड बोलतो. घरातल्या ज्येष्ठांना हे आवडत नाही, तो वेगळा विषय.

इथं शिक्षकही वाचतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. दाखला येईपर्यंत थांबायची गरज नाही. वर्गात उभं करून मोठ्यानं वाचायला लावू नका, एवढं केलं तरी पुष्कळ. प्रश्न वाचून दाखवा, आकारिक मूल्यमापनात तोंडी उत्तर घ्या, फळ्यावरून उतरवून घेण्याऐवजी शेजाऱ्याच्या वहीची झेरॉक्स द्या. तुमच्यावर जनगणना, निवडणूक, दूध-अंडी सगळं लादलंय, हे मला दिसतं. सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये प्राथमिकला 10 आणि वरच्या वर्गांना 15 विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. तो शिक्षक आमच्या शाळेत मी कधी पाहिला नाही. बीआयईआरटी एकटे आख्खा तालुका फिरतात. त्यामुळं राग तुमच्यावर नाही, पण ‘लक्ष देत नाही’ हा शेरा प्रगतिपत्रकावर लिहिण्याआधी एकदा मूळ कारण बघा.

ताई, तुमचा मुलगा आठवीत आहे, म्हणजे वेळ आहे. या आठवड्यात अर्ज आवकमध्ये द्या. दाखल्याच्या मूळ कागदाला लॅमिनेशन करू नका, कुठं शिक्का-शेरा मारायचा असला की अडचण होते. प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये ठेवा आणि मोबाईलवर फोटो. अर्जाचा कन्नड मजकूर माझ्याकडं आहे, नावं-गावं काढून उद्या इथंच टाकते. बोर्डाचं यंदाचं सवलतींचं परिपत्रक कुणा शिक्षकांकडं असेल तर त्यांनी टाकावं, माझ्याकडचं जुनं झालंय.