पंचवीसवरून थेट शंभर नको गं

अगं, तुझा मेसेज सकाळी वाचला. अर्धशिशी वारंवार येऊ नये म्हणून रोज घ्यायची टोपिरामेट डॉक्टरांनी २५ एमजी दिलीय पण नेटवर १०० लिहिलंय, मेमध्ये सीएच्या परीक्षेचा ग्रुप आहे, तर सरळ १०० च घेऊन टाकू का? नको. आता फेब्रुवारी चालू आहे, वेळ आहे.

ही गोळी रात्री २५ ने सुरू करतात आणि साधारण दर आठवड्याला २५ ने वाढवतात, डॉक्टर घाबरट आहेत म्हणून नाही, भराभर वाढवली की त्रास जास्त होतो म्हणून. बोटांना मुंग्या येतील, सोडा पचपचीत लागेल, भूक मरेल, एवढं चालतं. पाणी भरपूर पी कारण मुतखडा होऊ शकतो, आणि डोळा अचानक दुखून धूसर दिसायला लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, उद्यावर ढकलायचं नाही.

मला नडलं ते वेगळंच. १०० वर माझी अर्धशिशी महिन्यातल्या नऊ दिवसांवरून तीनवर आली, मी खूश, आणि एक दिवस अकरावीला अलंकार शिकवताना "उपमेय" हा शब्दच आठवेना, फळ्याकडे तोंड करून नुसती उभी. मुलांना वाटलं मॅडम प्रश्न विचारतायत, मागच्या बाकावरून एकाने उत्तर दिलं आणि मी शाब्बास म्हणून वेळ मारून नेली. मग ते रोजचंच झालं, घरी झाऱ्याला "ते भोकाभोकाचं" म्हणायला लागले. डॉक्टरांनी ७५ वर आणलं. आता महिन्यातले चार-पाच दिवस डोकं ठणकतं पण शब्द परत आलेत, आणि मराठीच्या बाईला शब्दच नसतील तर डोकं न दुखून करायचंय काय?

जास्त डोस म्हणजे जास्त गुण असं सरळ गणित नसतंच. २००४ मध्ये या औषधाच्या मोठ्या चाचण्या छापून आल्या, त्यात दिवसाला ५०, १०० आणि २०० असे डोस ताडून पाहिले होते, २०० वाल्यांना १०० वाल्यांपेक्षा फार काही जास्त मिळालं नाही, त्रास मात्र वाढला. आणि गुण म्हणजे तरी काय, दुखण्याचे दिवस निम्मे झाले तरी डॉक्टर यश धरतात, तेही नीट डोसवर दोन-तीन महिने गेल्यावर, त्यामुळे आठव्या दिवशी "काहीच फरक नाही" असा मेसेज करू नकोस मला.

तू डॉक्टरांना एवढंच सांग की तुला काय परवडणार नाही. तुला परीक्षेत डोकं भरभर चालायला हवंय, दिवसभर गाडी चालवणाऱ्याला गुंगी परवडत नाही, कुणाला वजन वाढलेलं नको असतं. अर्धशिशीसाठी रोजच्या दुसऱ्या गोळ्याही असतात, त्यांचंही असंच: फ्लुनारिझिनने वजन वाढतं, सुस्ती येते, काहींचं मन उदास होतं. अमिट्रिप्टिलिन १० रात्री घेतली की झोप छान लागते पण सकाळी तोंड कोरडं. प्रोप्रॅनोलॉल दम्याला चालत नाही, आणि लहानपणी तुला पंप होता ना, ते सांगितलंस का डॉक्टरांना? घरी स्थळं बघतायत म्हणालीस तेही सांग, लाजू नको, टोपिरामेट गरोदरपणात बाळाला अपाय करते, त्यांच्यातलीच सोडियम व्हॅल्प्रोएट तर त्याहून वाईट. स्वतःच्या मनाने अचानक बंदही करायची नाही.

आता दुखतं त्या वेळच्या गोळीचं, इथे तू उलटी चूक करतेस. "सहन होतंय तोवर नको" म्हणत चार तास कळ काढतेस, मग ओकाऱ्या सुरू झाल्यावर वेदनाशामक नॅप्रोक्सेनची अर्धी गोळी, संध्याकाळी परत अर्धी. आपल्याकडे गोळी न घेणाऱ्या बाईचं फार कौतुक होतं, सोड ते. डॉक्टरांनी लिहिलेला पूर्ण डोस दुखायला लागताच घ्यायचा, अर्ध्या-अर्ध्याने ना दुखणं थांबतं ना पोटाची जळजळ चुकते. फक्त दिवस मोज. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि सुमाट्रिप्टानसारख्या खास अर्धशिशीच्या किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या मिक्स गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की गोळ्याच डोकेदुखी देऊ शकतात. मेडिकलवाला हे मोजत बसणार नाही.

साधं भिंतीवरचं कॅलेंडर घे. दुखलं तिथे फुली, गोळी घेतली तिथे गोल, शब्द अडला तर कोपऱ्यात टिंब. एप्रिलमध्ये मॉक पेपर देशील तेव्हा नेहमीच्या वेळात पेपर संपतोय का तेही लिही आणि ते पान घेऊनच डॉक्टरांकडे जा, मग ७५ की १०० की दुसरंच काही, ते दोघं मिळून ठरवा.

आणि मेसेज रात्री दीडला आलेला दिसतोय. अशी जागरणं करून तिसऱ्या दिवशी ठणकलं तर गोळीला नावं ठेवू नकोस.

तुझी मॅडम