स्टेंट टाकल्यावर तो उघडा आहे की बंद होतोय हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की तीन महिन्यांपूर्वी अटॅक आला, स्टेंट टाकला, आता दिवसातून सात-आठ वेळा बीपी आणि ऑक्सिजन मोजताय, छातीत जरा टोचलं की स्टेंट बंद पडला असंच वाटतं, मधेच दम लागतो, आणि दरवर्षी अँजिओग्राफी करून बघावी का असं विचारलंय. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. ७ वर्षांपूर्वी एलएडीमध्ये, म्हणजे हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणाऱ्या मोठ्या नसेत एक स्टेंट टाकला, आणि त्यानंतर ४ वर्षांनी दुसऱ्याच नसेत अजून एक. तुमचा प्रश्न वाचला आणि माझे ते पहिले महिने आठवले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. स्टेंट उघडा आहे की नाही हे सांगणारं कुठलंच मशीन घरी नसतं. ऑक्सिमीटर बोटातल्या रक्तात ऑक्सिजन किती आहे तेवढं दाखवतो, हृदयाच्या नसेतून रक्त किती जातंय ते त्याला कळत नाही, त्यामुळे ९८ आकडा दिसत असतानाही अटॅक येऊ शकतो. हातातल्या स्मार्टवॉचचा ईसीजी एकाच लीडचा, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूने बघणारा असतो, ठोके अनियमित पडत असतील तर तो पकडू शकतो पण अटॅक पकडत नाही, आणि घड्याळात सगळं नॉर्मल दिसतंय म्हणून छातीतलं दुखणं अंगावर काढणं हे फार धोक्याचं आहे. मी स्वतः पहिल्या दीड महिन्यात रात्री दोन-तीन वाजता उठून बीपी बघायचो, घाबरलेलो असायचो म्हणून जास्त यायचं, जास्त आलं म्हणून अजून घाबरायचो, परत मोजायचो आणि अजून जास्त. शेवटी बायकोने मशीन कपाटात ठेवलं आणि सकाळ-संध्याकाळच काढायचं असं ठरवलं, त्यानंतर झोप लागायला लागली.

बीपी मोजायचंच, पण नीट मोजायचं. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला, बोलायचं नाही, एका मिनिटाच्या अंतराने दोन रीडिंग घ्यायची आणि लिहून ठेवायची. अपॉइंटमेंटच्या आधी आठवडाभर असं केलं की डॉक्टरांच्या हातात कामाचं काहीतरी पडतं. बऱ्याच लोकांना १३०/८० च्या खाली ठेवायला सांगतात, तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांना विचारा. एखाद्या दिवशी १४२ आलं म्हणून काही बिघडत नाही, आठवड्याची सरासरी बघायची.

आता स्टेंटबद्दल, कारण तो आत नेमका काय करतो हे समजलं की अर्धी भीती कमी होते, निदान माझी तरी झाली. ती धातूची बारीक जाळी असते, बहुतेक अडीच ते चार मिलिमीटर रुंदीची, फुग्याने नसेच्या भिंतीत दाबून बसवलेली. ती खोकल्याने, वाकल्याने, जिना चढल्याने हलत नाही. हळूहळू तिच्यावर नसेच्या आतलं अस्तर वाढतं आणि जाळी झाकली जाते. हल्लीच्या स्टेंटवर जे औषध लावलेलं असतं त्याने आत जास्तीची पेशी वाढून नस पुन्हा अरुंद होणं कमी होतं, पण त्यामुळे हे अस्तरही सावकाश तयार होतं. तोपर्यंत उघड्या धातूवर रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि म्हणून त्या दोन गोळ्या असतात, ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल. अटॅकनंतर सहसा १२ महिने दोन्ही, अटॅक न येता ठरवून स्टेंट टाकला असेल तर साधारण ६ महिने, रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर कमी. नंतर बहुतेकांना एक गोळी चालूच राहते. गुठळी होऊन स्टेंट अचानक बंद होणं तसं क्वचित घडतं, पण घडलं तर जिवावरचं असतं, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे मधेच बंद केलेल्या गोळ्या. म्हणून मला विचाराल तर पहिल्या वर्षी लक्ष ठेवायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे गोळ्यांची डबी, आज सकाळची घेतली का, रात्रीची घेतली का, आणि चार दिवसांत संपणार असतील तर नवीन आणल्यात का.

यातच माझी एक चूक झाली ती सांगतो. मला टिकाग्रेलॉर होती, दिवसातून दोनदा. दोन आठवड्यांनी बसल्या बसल्या दम लागल्यासारखं व्हायला लागलं, खोल श्वास घेतला तरी पुरत नाही असं. माझी खात्रीच झाली की स्टेंट बंद होतोय. मग कुठंतरी वाचलं की गोळीनेही असं होतं, आणि मी कुणाला न विचारता दोन डोस घेतलेच नाहीत. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. दम लागणं हा त्या गोळीचा माहीत असलेला परिणाम आहे, पण दम हृदयामुळेही लागू शकतो, म्हणून आधी तपासायचं आणि मग गोळी बदलायची, आपल्या मनाने थांबवायची नाही. ईसीजी आणि टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, दोन्ही व्यवस्थित आले, गोळी बदलून क्लोपिडोग्रेल दिली आणि काही दिवसांत दम गेला.

नंतर दाढ काढायची वेळ आली तेव्हा दातांच्या दवाखान्यात सांगितलं की रक्त पातळ करायच्या गोळ्या पाच दिवस बंद करा. मी तिथंच थांबून कार्डिओलॉजिस्टना फोन केला, त्यांनी स्पष्ट सांगितलं की एकही बंद करायची नाही, दाढेचं रक्त दाबून थांबवता येतं. दाढ निघाली, रक्त जरा जास्त वेळ आलं, थांबलं. तेव्हा कुणीही गोळी बंद करायला सांगितलं, अगदी दुसऱ्या डॉक्टरांनी जरी, तरी आधी तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. अंगदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक स्वतःहून घेऊ नका, रक्तस्रावाचाही धोका वाढतो आणि हृदयालाही त्रास होतो. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ॲसिडिटीची गोळीही विचारून घ्या, ओमेप्राझोलने तिचा परिणाम कमी होतो, मला म्हणून पँटोप्राझोल दिली होती. हिरड्यातून थोडं रक्त, हातापायावर निळे डाग हे चालतं. शौचाला डांबरासारखी काळी झाली, उलटीतून रक्त आलं किंवा डोक्याला जोरात मार लागला तर मात्र लगेच हॉस्पिटल गाठायचं.

आता दरवर्षीची अँजिओग्राफी. काही त्रास नसेल तर नको. मी पण आग्रह धरला होता, डॉक्टरांनी नाही म्हटलं तेव्हा मला राग आला होता. ती नसेत नळी घालून करायची तपासणी आहे, तिला स्वतःचा धोका आहे, आणि त्रास नसताना शोधत बसल्याने माणसं जास्त जगतात असं दिसलेलं नाही. २०२२ साली पोस्ट-पीसीआय नावाचा अभ्यास आला, त्यात जास्त धोका असलेल्या १७०६ स्टेंटवाल्या लोकांपैकी अर्ध्यांची वर्षाने नेमाने स्ट्रेस टेस्ट, म्हणजे हृदयावर ताण देऊन करायची तपासणी वगैरे केली आणि बाकीच्यांची फक्त गरज पडली तर, दोन वर्षांनी दोन्ही गटांत मृत्यू, अटॅक वगैरेंमध्ये लक्षात घेण्यासारखा फरक नव्हता.

मग बघायचं काय? तर बाकीच्या नसा. हे मला कळायला ४ वर्षं लागली. स्टेंटने एका जागेचा अडथळा काढला, पण आजार सगळ्या नसांचा असतो. तिसऱ्या वर्षी मला एकदम छान वाटत होतं म्हणून मी कोलेस्टेरॉलची गोळी एक दिवसाआड घ्यायला लागलो, आणि रिपोर्ट दीड वर्ष केलाच नाही. मग चालताना चढ आला की जबड्यात आणि डाव्या खांद्यात जडपणा यायचा, थांबलो की दोन मिनिटांत जायचा. छातीत काहीच नाही, म्हणून मी आठवडाभर दातांवर खापर फोडलं. अँजिओग्राफीत जुना स्टेंट एकदम स्वच्छ उघडा दिसला, दुसऱ्याच नसेत नवीन ब्लॉक होता, आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ११८. ज्या स्टेंटची मी इतकी काळजी केली तो ठीक होता हो, आणि ज्याकडे बघायला हवं होतं ते मी सोडून दिलं होतं. आपल्यासारख्यांना एलडीएल ७० च्या खाली, युरोपातल्या डॉक्टरांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तर ५५ च्या खाली ठेवायला सांगतात. गोळी सुरू केली किंवा डोस बदलला की ४ ते १२ आठवड्यांनी परत तपासायचं. शुगर असेल तर एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी. आणि सिगारेट ओढत असाल तर बाकी सगळं नंतर, आधी ती बंद करा, अगदी मनापासून सांगतो.

छातीतल्या टोचण्याबद्दल. बोटाने दाखवता येईल असं, सेकंदभर टोचून जाणारं, दाबलं किंवा कूस बदलली की वाढणारं दुखणं बऱ्याचदा स्नायूचं असतं, पण खात्री नसेल तर दाखवून घ्या. दाब, जडपणा, आवळल्यासारखं, जबडा, हात, पाठीकडे जाणारं, घाम, मळमळ, यापैकी काही असलं तर वेगळं. तुम्हाला पहिल्या अटॅकच्या वेळी जसं झालं होतं तसंच परत झालं तर अजिबात वाट बघू नका. बायकांना आणि डायबेटिस असणाऱ्यांना छातीत न दुखताही नुसता दम किंवा थकवा येऊ शकतो. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर बसून घ्या, उभं राहून नको, बीपी पडून चक्कर येते, आणि पाच मिनिटांत बरं वाटलं नाही तर अँब्युलन्स बोलवा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका. सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रा वगैरे) लैंगिक ताठरतेची गोळी घेतली असेल तर ही जिभेखालची गोळी घ्यायची नाही, हे विचारायला लोक लाजतात म्हणून लिहितोय.

भीतीचं काय, तर ती खरी आहे आणि खूप जणांना येते, डॉक्टरांना तसं सांगा. मला कार्डिॲक रिहॅबने, म्हणजे हृदयाच्या पेशंटना देखरेखीखाली व्यायाम करून घेतात त्याने, सगळ्यात जास्त फायदा झाला, ईसीजी लावलेला असताना ट्रेडमिलवर चाललो, ठोके १२० पर्यंत गेले आणि काही झालं नाही, तेव्हा कुठं शरीरावर परत भरवसा बसला.

एक राहिलं, दुसरी गोळी कुठली चालू आहे ते तुम्ही लिहिलं नाही. टिकाग्रेलॉर असेल तर दमाबद्दल उद्या सकाळीच फोन करा, दम वाढत असेल किंवा झोपल्यावर जास्त होत असेल तर आजच जा, आणि तोपर्यंत एकही डोस चुकवू नका. काय म्हणाले ते इथं कळवा, मी वाट बघतो.