पार्क बांधतो एक, कमावतो दुसरा

करमणूक उद्यानांच्या यंत्रविभागात उमेदीची सगळी वर्षं काढलेले ‘राइडवाले काका’ या सदरात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. पत्रं जागेअभावी थोडक्यात दिली आहेत.

काका, आमच्या संगमनेरच्या मालपाणींनी खोपोलीचं इमॅजिका घेतलं. त्यांचा गाय छाप जर्दा आणि रोलर कोस्टर यांचा संबंध काय? आणि एवढं झकपक पार्क विकायची वेळ मुळात आलीच कशी? – एक वाचक, संगमनेर

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

इमॅजिका काढलं मनमोहन शेट्टींनी. या माणसाने 1978 साली अ‍ॅडलॅब्स नावाची फिल्म धुण्याची लॅब भागीदारीत सुरू केली आणि तिला एवढं मोठं केलं, की निम्म्या बॉलिवूडची रिळं तिथून धुऊन निघत. 2001 साली वडाळ्याला घुमटाचं आयमॅक्स थिएटर उभं राहिलं, तेही अ‍ॅडलॅब्सचंच. 2005 मध्ये त्यांनी कंपनीतला मोठा हिस्सा अनिल अंबानींच्या समूहाला विकला. एवढ्यावर दुसऱ्या कुणी निवांत पाय पसरले असते. यांनी खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीला सुमारे 300 एकर जमीन घेतली आणि त्यातल्या एका भागावर एप्रिल 2013 मध्ये पार्क उघडलं. खर्च दीड हजार कोटींच्या वर गेला.

पैसा कुठे गेला, ते आत फिरताना दिसतं. नायट्रो ही राइड स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबिलार्ड कंपनीची. आमच्या धंद्यात त्यांचं नाव निघालं की माणसं जरा सावरून बसतात. पायाखाली फरशी नाही, पाच वेळा डोकं खाली पाय वर, ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेग. अंधारातला डीप स्पेस वेगळा, पाण्यातून जाणारी राजासॉरस वेगळी. तीतला डायनोसॉर खराखुरा भारतीय, त्याची हाडं नर्मदेच्या खोऱ्यात सापडली आहेत. कोणी तरी अभ्यास करून पार्क बांधलंय हे अशा ठिकाणी कळतं, आणि त्याबद्दल शेट्टींना माझा सलाम आहे.

आता हिशेब. कंपनीवर हजार कोटींच्या वर कर्ज चढलं होतं. सोपं गणित करू. समजा 1000 कोटी कर्ज आणि व्याज 12 टक्के. वर्षाचे 120 कोटी झाले, म्हणजे रोजचे सुमारे 33 लाख. एक माणूस आत आला, फिरला, जेवला आणि सगळा खर्च वजा जाता पार्कच्या गल्ल्यात त्याचे 500 रुपये उरले, असं धरा. तर नुसतं व्याज भागवायला दररोज साडेसहा हजार माणसं हवीत. ‘दररोज’ यात जुलैतला मंगळवारही आला. खोपोलीचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. विजा कडाडल्या की राइड थांबवावी लागते. पगार, वीज आणि व्याज थांबत नाही.

जागा निवडण्यात तर्क होता. द्रुतगती मार्गामुळे मुंबई आणि पुणे दोन्ही शहरं टप्प्यात येत होती. पण चौघांच्या कुटुंबाचं माणशी हजाराच्या वर तिकीट, वर पेट्रोल, टोल, आतलं जेवण, असं सगळं धरलं तर आपला मध्यमवर्गीय माणूस वर्षातून एकदा जातो, फोटो काढतो आणि ‘झालं बघून’ म्हणतो. परदेशातली पार्कं वार्षिक पासवर आणि परत परत येणाऱ्यांवर चालतात. आपल्याकडे परत येतो तो पाण्यासाठी. म्हणून पुढच्याच वर्षी शेजारी वॉटर पार्क उघडलं, मग हॉटेल, मग बर्फाचं दालन. सगळं रास्त, पण सगळ्यालाच आणखी पैसा लागतो.

एवढी जमीन का घेतली, असं लोक विचारतात. त्यामागे जुना धडा आहे. वॉल्ट डिस्नेने 1955 साली कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमला पार्क काढलं तेव्हा भोवतालची जमीन त्याच्या हातात नव्हती. कुंपणाबाहेर मोटेलं उगवली आणि त्याच्या गर्दीवर पैसा दुसऱ्यांनी केला. पुढे फ्लोरिडात त्याने वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाने गुपचूप सुमारे 27 हजार एकर घेतली ती या अनुभवावरून. तेव्हापासून पार्क काढणारा प्रत्येक जण जास्तीची जमीन घेतो. डिस्नेला ती फळली. कर्ज काढून बांधणाऱ्याला तीच जमीन पडून राहिली तर गळफास होते.

2015 च्या मार्चमध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली. भाव खाली आणावा लागला, मुदत वाढवावी लागली आणि 180 रुपयांना दिलेला शेअर पहिल्याच दिवशी त्याच्या खाली गेला. मग करोना आला. पार्क बंद, व्याज चालू. 2020 मध्ये तोच शेअर पाच रुपयांच्याही खाली होता.

इथे तुमचे मालपाणी येतात. 2022 साली बँकांनी आपल्या कर्जावर पाणी सोडत तडजोड केली आणि कंपनी संगमनेरकरांच्या ताब्यात गेली. नायट्रो तीच, सांगडेवाडीची जमीन तीच, द्रुतगती मार्ग तोच. फक्त डोक्यावरचं ओझं उतरलं. ज्या गर्दीवर पहिला मालक बुडाला त्याच गर्दीवर दुसरा नफा दाखवू शकतो. यात जादू काही नाही.

आणि जर्द्याचा संबंध? लोकांच्या खिशातून एका वेळी थोडेच पैसे निघतात, पण रोज आणि लाखो खिशांतून, हे पुडी विकणाऱ्याला शिकवावं लागत नाही. शिवाय ते या धंद्यात नवखे नव्हते. शिर्डीचं वेट अँड जॉय वॉटर पार्क त्यांचंच, लोणावळ्याचंही, आणि शिर्डीतलं साईतीर्थ हे भक्तीचं थीम पार्कही. साईबाबांचं दर्शन उरकल्यावर पोरांना घेऊन दुपारभर कुठे जायचं, हा प्रश्न त्यांनी आधी ओळखला. त्या गर्दीला जाहिरात लागत नाही. 2024 साली ही पार्कंही त्यांनी इमॅजिकाच्याच कंपनीत आणली. तंबाखूबद्दल माझं मत चांगलं नाही, पण व्यवहार चोख, हे म्हणावंच लागेल.

हे फक्त आपल्याकडेच होतं का? डिस्नेचं असं कधी झालं नाही! – ठाणे

झालं, आणि पॅरिसमध्ये झालं. तिथलं पार्क 12 एप्रिल 1992 ला युरो डिस्ने या नावाने उघडलं. हॉटेलं भरमसाट बांधली, कर्ज भरमसाट काढलं, आणि लोक सकाळी येऊन संध्याकाळी पॅरिसला परत जायला लागले. दोन वर्षांत बुडायची वेळ आली. 1994 मध्ये बँकांनी व्याजाला सवलत दिली आणि सौदी राजपुत्र अल वलीद यांनी पैसे घातले, तेव्हा तगलं. पुढे तेच युरोपातलं सर्वांत गजबजलेलं थीम पार्क झालं. मिकी माउस घरचा असूनही ही गत, तर खोपोलीला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

मग बंगळूरुचं वंडरला कसं फायद्यात? इथल्या मराठी मंडळाच्या सहली दर वर्षी तिथेच जातात. – बंगळूरु

कारण त्यांनी शहाणपणा केला: हळू चालले. कोचौसेफ चित्तिलप्पिल्ली हे व्ही-गार्ड स्टॅबिलायझरवाले. 2000 साली कोचीला वीगालँड (आजचं वंडरला) काढलं, 2005 मध्ये तुमच्याकडे बिडदीजवळ दुसरं, 2016 मध्ये हैदराबाद. एकाची कमाई हातात आल्यावर पुढचं. आणि माझ्यासारख्या यंत्रवाल्याला आवडणारी गोष्ट म्हणजे बऱ्याच राइड ते स्वतःच्या कारखान्यात बनवतात. परदेशी राइड घेतली की तिचं चाक, तिचा सेन्सर, तिचा बोल्टसुद्धा परदेशातून मागवावा लागतो. वर सीमाशुल्क आणि युरोचा भाव. एका सुट्या भागासाठी ऐन दिवाळीत राइडवर ताडपत्री टाकून बसायची पाळी येते, आणि मॅनेजर दर तासाला विचारतो, ‘आलं का पार्सल?’ घरच्या कारखान्यात तो भाग दुसऱ्या दिवशी तयार होतो. वंडरलाची राइड नायट्रोएवढी देखणी नसेल, पण गल्ल्यावर बसणाऱ्याला ती जास्त आवडते.

आम्ही गोराई खाडीतून बोटीने एस्सेलवर्ल्डला जायचो. घरी न जाण्याचा हट्ट धरणारी ती जाहिरात अजून तोंडात आहे. आता तिथे काय उरलंय? – बोरिवली

1989 साली हे सुरू झालं तेव्हा मुंबईच्या पोरांना यंत्राचा पाळणा म्हणजे जत्रेतला एवढंच माहीत होतं. सुभाष चंद्रांचं घराणं मूळ हरियाणातलं, धान्याच्या व्यापारातलं. त्यांची कंपनी टूथपेस्टच्या लॅमिनेटेड ट्यूब बनवायची. असा माणूस खाडीपलीकडे 64 एकरांत पार्क काढतोय म्हटल्यावर लोकांनी वेड्यात काढलं असणार. दूरचित्रवाणीवर त्यांचं झी अजून यायचं होतं, ते 1992 च्या गांधी जयंतीला आलं. 1998 मध्ये शेजारी वॉटर किंगडम झालं आणि खरा गल्ला तिथे भरू लागला.

बोटीची मजा होती हे खरं. पण बोट हीच अडचणही होती. एका फेरीत मावतील तेवढीच माणसं येणार, आणि परतीच्या वेळी धक्क्यावर रांग. रस्त्याने यायचं तर भाईंदर, उत्तन असा वळसा. शाळांच्या सहलींची बस त्या वळशाने यायची, त्यामुळे हिवाळ्यात पार्क भरलेलं असे आणि एरवी शनिवार-रविवारवर मदार. खाऱ्या हवेत लोखंड किती टिकतं हे कोळ्याला विचारा. खाडीकाठी राइड सांभाळणं म्हणजे वर्षभर खरवडा आणि रंगवा.

2022 साली एस्सेलवर्ल्डच्या राइड थांबल्या, वॉटर किंगडम चालू राहिलं. आज गोराईला बोटीतून उतरलात तर सगळ्यात आधी दिसतो ग्लोबल विपश्यना पॅगोडा. त्याची जमीन सुभाष चंद्रांनीच दिली आणि 2009 मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी त्याचं उद्घाटन केलं. आत एकही खांब नाही, आठ हजार माणसं एकत्र ध्यानाला बसू शकतात. भिंतीपलीकडे किंचाळ्या आणि अलीकडे मौन, असा शेजार कैक वर्षं सुखाने नांदला, याचं मला अजून नवल वाटतं.

डबा आत का नेऊ देत नाहीत? आणि तिकिटावर एवढा कर कसला? – पुणे

डबा अडवतात कारण तिकिटाखालोखाल कमाई खाण्यातून होते. स्वच्छतेचं कारण सांगतात, तेही थोडं खरं आहे. पोळीभाजी पाण्याच्या तलावात तरंगताना मी पाहिली आहे. पण मुख्य कारण पैसा. तान्ह्या बाळाचं खाणं आणि औषधं सोबत असतील तर फाटकावर तसं स्पष्ट सांगा, वाद घालू नका.

कर म्हणाल तर आधी राज्याचा करमणूक कर असायचा. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला आणि पार्कांना थेट 28 टक्क्यांत बसवलं, म्हणजे चैनीच्या वस्तूंच्या रांगेत. जानेवारी 2018 मध्ये तो 18 वर आणला. त्याच निर्णयात पाळणे, गो-कार्टिंग आणि बॅले नृत्यही होतं. बॅलेवाले आमच्या पंगतीत कसे आले ते जीएसटी परिषदेलाच ठाऊक.

मुलगी रोलर कोस्टरवर बसायचा हट्ट धरते. मला भीती वाटते. तपासणी खरंच होते का? – नाशिक

ताई, चांगल्या पार्कात पहाटेच होते. फाटक उघडण्याआधी माणूस रुळांच्या कडेने चालत जातो, चाकांवरचं पॉलियुरेथेनचं (चिवट प्लॅस्टिकचं) आवरण फाटलंय का, बोल्टवरची रंगाची खूण सरकली आहे का, ते बघतो. मग गाडी रिकामी फिरवतात, कधी वाळूच्या किंवा पाण्याच्या पिशव्या सीटवर बांधून. वर्षातून एकदा गाड्या सुट्या करून सांध्यांत केसासारखा तडा आहे का, ते रंगद्रव्याने आणि अल्ट्रासाउंडने तपासतात.

रूळ अदृश्य टप्प्यांत वाटलेला असतो. पुढच्या टप्प्यात गाडी असेल तर मागची आपोआप ब्रेकवर थांबते, ऑपरेटरने सांगितलं तरी पुढे सरकत नाही. एकदा शिखरावरून सुटली की गाडीला इंजिन नसतं. पुढचा सगळा प्रवास गुरुत्वाकर्षणावर. शेवटी अनेक राइडना चुंबकाचे ब्रेक असतात, त्यांना वीज लागत नाही. त्यामुळे वीज गेली म्हणून गाडी सुसाट सुटत नाही.

एक खूण सांगतो. ऑपरेटर प्रत्येक सीटचा बार स्वतः हाताने ओढून बघतो का, आणि उंचीच्या पट्टीखाली येणाऱ्या मुलाला आईबापांनी कितीही विनवलं तरी नाही म्हणतो का? असं होत असेल तर मुलीला बसू द्या. पट्टी ढकलून मूल आत घेणाऱ्या पार्कातून तिकिटाचे पैसे सोडून परत फिरा. गावोगावच्या जत्रेतल्या पाळण्यांनाही हेच लागू.

माझं वय 68. बीपीची गोळी चालू आहे. नातवासोबत नायट्रोवर बसू का? – सातारा

नको. बीपी, हृदय, मान आणि पाठ, यातलं एकही दुखणं असेल तर त्या राइडबाहेरचा फलक तुमच्यासाठीच लिहिलेला आहे. राजासॉरसच्या फलकावर काय लिहिलंय ते वाचा आणि डॉक्टरांना विचारा; हरकत नसेल तर तिथे बसा. थोडं भिजाल. जानेवारी संपल्यावर, शाळांच्या सहली उरकल्या की मधल्या वारी जा. फाटक उघडताच नातवाला नायट्रोच्या रांगेत पाठवा आणि पुढची ओळ मागायला सांगा. तिथे थोडं थांबावं लागेल, पण समोर कुणाचं डोकं येणार नाही.