वडिलांचा जुना पाम थ्री-एक्सई (खिशात मावणारी इलेक्ट्रॉनिक डायरी) कित्येक वर्षं कपाटात पडून होता. आता सेल घातले तरी स्क्रीन कोरीच राहते. दुरुस्त केला तर त्यातल्या त्यांच्या नोंदी मिळतील का?

आधी वाईट बातमी देतो. नोंदी त्या यंत्रात आता नाहीत. दुरुस्त करून तो मस्त चालू होईल, पण रिकामा.

कारण असं, की २००० साली आलेल्या या मॉडेलमध्ये तुम्ही लिहिलेलं सगळं ८ एमबी रॅममध्ये राहतं. आतली सिस्टिम तेवढी कायमच्या मेमरीत, बाकी पत्ते, मेमो, डायरी सगळं त्या दोन बारक्या ट्रिपल-ए सेलच्या जिवावर. सेल बदलायलासुद्धा जेमतेम मिनिटभराची सवड मिळायची. तुम्ही लिहिताय की तो कित्येक वर्षं कपाटात पडून होता. म्हणजे विषय संपला.

आता चांगली बातमी. वडील तो कॉम्प्युटरला जोडत असतील (पाळण्यासारखा स्टँड आणि जाड नऊ पिनांची वायर घरात असेल तर नक्कीच जोडत होते), तर प्रत्येक हॉटसिंकला (म्हणजे पाम आणि पीसीवरच्या नोंदी जुळवून घेताना) सगळ्याची प्रत पीसीवर उतरायची. म्हणून पाम बाजूला ठेवा आणि माळ्यावरचा जुना सीपीयू शोधा. भंगारवाल्याला दिला नसेल अशी आशा करू. हार्ड डिस्क काढून केबल किंवा केसिंग लावून तुमच्या लॅपटॉपला जोडा. सी ड्राइव्हमध्ये, नाहीतर प्रोग्राम फाइल्समध्ये ‘पाम’ नावाचं फोल्डर बघा. त्यात वडिलांचं आडनाव आणि नावाचं पहिलं अक्षर मिळून केलेलं फोल्डर असतं आणि त्याच्या पोटात पत्ते, डायरी, मेमो अशी वेगवेगळी. सगळ्यात आधी ते अख्खं फोल्डर दुसरीकडे कॉपी करा, मगच हात लावा.

मेमोची ‘डॅट’ फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर मधेमधे कचरा दिसतो, पण मजकूर सरळ वाचता येतो. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. या यंत्रात देवनागरीची सोय नव्हती, त्यामुळे वडिलांनी मराठी लिहिलं असेल तर रोमन अक्षरांत. शोधताना स्पेलिंग तसंच द्या, आणि दोन-तीन तऱ्हांनी द्या. दुसरं, ‘प्रायव्हेट’ केलेल्या नोंदी पामवर फक्त लपायच्या, कुलूपबंद होत नव्हत्या. पासवर्ड आठवत नाही म्हणून अडणार नाही. त्या वाचायच्या की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा.

आता यंत्राकडे वळू. डाव्या कडेला एक छोटं चाक आहे, ते आधी फिरवा. ते कॉन्ट्रास्टचं. ‘मेलेला’ म्हणून माझ्या हातात आलेल्या पामांपैकी काहींचं दुखणं एवढंच निघालं, चाक एका टोकाला गेलेलं.

त्यानं काही झालं नाही तर सेलचा कप्पा बघा. पत्र्यांवर पांढरट-हिरवट खरवड दिसली तर जुने सेल गळलेत. हा गळ अल्कधर्मी असतो, म्हणून कापसाच्या काडीला थेंबभर व्हिनेगर लावून पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण वाळू द्या. अल्कोहोल पुण्यात पासोड्या विठोबापाशी, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतं. सँडपेपरनं घासू नका, वरचा मुलामा जातो आणि पत्रा पुन्हा गंजतो.

नवे सेल घालून मागच्या बारीक भोकात रीसेट करा. धातूचा स्टायलस (स्क्रीनवर लिहायची काडी) शाबूत असेल तर त्याचं वरचं टोक फिरवून काढा, आत त्यासाठीच पिन दिलीय. नाहीतर सरळ केलेली यू-पिन चालते, टाचणी नको. एवढ्यानं जागा झाला नाही तर पॉवरचं बटण दाबून धरून रीसेट करा, रीसेट सोडा, मग पॉवर सोडा. सगळं पुसायचं का असं विचारेल, तेव्हा वरच्या दिशेचं बटण. एक अपवाद: स्क्रीनवर स्वागताच्या पानाऐवजी चक्क जुन्या नोंदी दिसल्या, तर या पुसण्याच्या वाटेला मुळीच जाऊ नका. आधी प्रत काढा. लिनक्सवर जे-पायलट (पामशी जोडणी करणारा प्रोग्राम) आणि यूएसबी-सिरियल केबल घेतली की काम होतं. अडखळलं तर वेग ५७,६०० वर आणा.

स्टायलस एका जागी टेकवला आणि खूण दुसरीकडेच उमटली, तर प्रेफरन्सेसमध्ये डिजिटायझर (स्पर्श ओळखणारा थर) पुन्हा जुळवा. तरी वेडंवाकडं चाललं तर काचेच्या कडेला, चौकटीखाली धूळ अडकलेली असते. व्हिजिटिंग कार्डाची कड हलकेच फिरवली की निघते.

चार्जिंगचे सेल वापरलेत तर बॅटरी सतत कमी दाखवेल, कारण ते १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे. त्यावर छुपी युक्ती आहे: ग्राफिटीत (पामच्या स्क्रीनवर स्टायलसनं अक्षरं काढायची खास लिपी) शॉर्टकटची खूण, दोनदा टिचकी मारून टिंब, मग ७. दर वेळी सेलचा प्रकार बदलतो. मात्र ७ च्या जागी १ उमटला तर यंत्र डीबगमध्ये (प्रोग्रामरांसाठीच्या तपासणीच्या अवस्थेत) जाऊन सेल खात बसतं, मग पुन्हा रीसेट.

तारीख २०३१ च्या शेवटापर्यंतच लावता येते, तोवर डायरी म्हणून खुशाल वापरा. नुसता आठवण म्हणून ठेवणार असाल तर सेल काढून ठेवा.