ओपन सोर्स टूलमध्ये फुकट काय ठेवायचं आणि पैसे कशाचे घ्यायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की टूल ओपन सोर्स आहे, म्हणजे कोड सगळ्यांना खुला आहे, दीड-दोन हजार लोक वापरतात, आता दोन-तीन कंपन्या सपोर्ट मागतायत, तर पैसे कशाचे घ्यावेत म्हणजे आधीपासूनची माणसं दुखावणार नाहीत. मी एक बॅकअपचं टूल आठ वर्षं सांभाळतोय आणि यात एकदा चांगलाच पोळलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिसऱ्या वर्षी मी शेड्युलिंगचं फीचर, जे पहिल्यापासून फुकट होतं, ते उचलून पेड व्हर्जनमध्ये टाकलं. वाटलं रोजच्या कामाचं आहे, लोक घेतील. घेतलं अगदी थोड्यांनी. पण त्यातलं टाइमझोनचं सगळं किचकट काम एका मुलाने रात्री जागून केलेलं होतं, त्याने मला एवढंच लिहिलं की माझा कोड विकणार होतात तर आधी विचारायचं तरी. लायसनप्रमाणे मला तसं करायची मुभा होती, तरी त्याचं म्हणणं बरोबरच होतं. सहा महिन्यांनी मी फीचर परत खुलं केलं, तो काही परत आला नाही आणि त्याच्यासारखं ते काम जाणणारा माणूस मला आजपर्यंत मिळाला नाही.

म्हणून सगळ्यात आधी हेच सांगेन, एकदा दिलेलं काढून घेऊ नका. पैसे लावायचे तर नवीन गोष्टीला लावा. मोठ्या कंपन्यांनासुद्धा हे जड गेलंय. हॅशीकॉर्पने ऑगस्ट 2023 मध्ये टेराफॉर्म या सर्व्हर उभारायच्या टूलचं लायसन बदलून वापरावर बंधनं घातली आणि महिना-दीड महिन्यात त्याचा फोर्क, म्हणजे जुन्या खुल्या कोडवरून दुसऱ्यांनी काढलेली वेगळी आवृत्ती, ओपनटोफू, लिनक्स फाउंडेशनकडे गेलासुद्धा. रेडिस या डेटाबेसने मार्च 2024 मध्ये तेच केलं, त्याच महिन्यात त्याचा फोर्क वाल्की उभा राहिला, आणि मे 2025 मध्ये रेडिसला एजीपीएल हे ओपन सोर्स लायसन देऊन पुन्हा ओपन सोर्समध्ये यावं लागलं. क्लाउडवाले आपला कोड चालवून कमावतात आणि आपल्याला काही देत नाहीत ही असल्या कंपन्यांची तक्रार खोटी नाही, पण त्याची झळ बसली ती वर्षानुवर्षं विश्वासाने वापरणाऱ्यांना.

आता रेघ कुठे मारायची. मला गिटलॅबची, म्हणजे कोड ठेवायची आणि त्यावर मिळून काम करायची सोय देणाऱ्या कंपनीची, पद्धत पटते, ते बघतात की या फीचरची गरज सगळ्यात जास्त कोणाला आहे, एकट्या डेव्हलपरला असेल तर फुकट, मॅनेजर किंवा त्याच्या वरच्याला असेल तर पेड. 2020 मध्ये याच हिशोबाने त्यांनी 18 पेड फीचर्स उलट ओपन सोर्समध्ये आणायचं जाहीर केलं. तुमच्या टूलमध्ये ऑडिट लॉग (कोणी कधी काय केलं याची नोंद), पन्नास जणांच्या टीमच्या परवानग्या, कंपनीच्या लॉगिनशी जोडणी, असलं सगळं पेड बाजूला जाऊ शकतं. फक्त सिक्युरिटी विकू नका. सुरक्षेच्या दुरुस्तीचा पॅच सगळ्यांना एकाच दिवशी मिळाला पाहिजे, टू-फॅक्टर लॉगिन फुकटच पाहिजे, यात मी तडजोड करत नाही.

आणि खरं सांगायचं तर तुमच्याकडे आलेल्या कंपन्यांना फीचर नकोच आहे, कोड तर त्यांच्याकडे आहेच, त्यांना हवाय अडलं की फोन उचलणारा माणूस. ते विका. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस बघा, कोड पब्लिक डोमेनमध्ये, कोणीही काहीही करा, आणि ते टिकलंय सपोर्टच्या करारांवर आणि कन्सॉर्शियमच्या, म्हणजे तो वापरणाऱ्या कंपन्यांच्या गटाच्या, मेंबरशिपवर. नुसत्या देणग्यांवर मात्र विसंबू नका. 2014 मध्ये ओपनएसएसएल या माहिती गुप्त ठेवणाऱ्या लायब्ररीत हार्टब्लीड नावाचा सुरक्षेचा बग निघाला तेव्हा कळलं की अर्धं इंटरनेट ज्यावर चालतं त्या प्रोजेक्टला देणग्या मिळत होत्या वर्षाला साधारण 2000 डॉलर.

फुकट वापरणाऱ्यांना ओझं समजू नका हो. माझे सगळ्यात चांगले बग रिपोर्ट त्यांच्याकडूनच आलेत, पैसे देणाऱ्यांकडून क्वचित. पण त्यांना आजच्या आज उत्तर मिळायला हवं असंही नाही, ते रीडमीमध्ये, म्हणजे टूलच्या माहितीच्या पानावर, साध्या शब्दांत लिहून टाका, की फुकट प्रश्नांना जमेल तेव्हा उत्तर, करार असलेल्यांना दोन कामाच्या दिवसांत. लोक समजून घेतात, लिहिलेलं नसेल तरच चिडतात.

करारात दोन गोष्टी घालाच. एक, कंपनीच्या पैशातून झालेली दुरुस्ती सगळ्यांच्या कोडमध्ये जाईल, माझ्याकडे एका कंपनीने याला नकार दिला आणि मी ते काम सोडलं. दुसरं, महिन्याचे तास. पहिल्या करारात मी तास लिहिले नव्हते आणि चार महिने फुकटवाल्यांचा एकही पुल रिक्वेस्ट, म्हणजे त्यांनी पाठवलेला कोडमधला बदल, बघता आला नाही. आता माझा आठवड्यातला एक अख्खा दिवस फुकट वापरणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला असतो आणि कराराची बोलणी सुरू करतानाच मी हे कंपनीला सांगतो.